आ-च्यूने पुसलेलं नाव

हुंग लि-च्यू हे तिचं कागदावरचं नाव. तुंगकांग या बंदरगावात, देवळामागच्या गल्लीत तिला कुणी त्या नावाने हाक मारत नाही. आमच्या वयाच्या बायकांसाठी ती आ-च्यू, आणि बंदरावर काम करणारी पोरंपोरी तिला च्यू मावशी म्हणतात. तिच्या दुकानाला लागून माझं शिवणकामाचं दुकान आहे. मधली भिंत इतकी पातळ की माझं मशीन थांबलं की ती पलीकडून विचारते, "आ-लिएन, दोरा तुटला का गं?"

तिचा नवरा बोटींवरची मासे शोधायची यंत्रं दुरुस्त करायचा. तो गेला तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती आणि तिला फक्त हिशेबाची वही लिहिता येत होती. दुकान विकून टाक, असं सासरच्यांनी सुचवलं. तिने विकलं नाही. फिंगतुंग शहरात जाऊन सहा महिने फोन दुरुस्तीचा वर्ग केला. वर्गात सगळी विशीतली मुलं आणि ही एकटी चष्मा लावून पहिल्या बाकावर. आज छपन्नाव्या वर्षी तिचा हात इतका बसलाय की काच बदलताना ती माझ्याशी गप्पा मारत असते. स्वभाव मात्र तुसडा. फोन पाण्यात पाडून आणणाऱ्याला ती आधी चार शब्द सुनावते, मग बसायला स्टूल देते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ट्यूना माशांचा हंगाम चालू होता, म्हणजे मे महिना असणार. दुपारी दोनच्या सुमारास वार्तिनी तिच्या दुकानात आली. वार्तिनी जावा बेटावरची. गावाबाहेरच्या आनले वृद्धनिवासात तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांची काळजी घ्यायची. पाच वर्षं झाली होती तिला इथे. बोलणं मोडकंतोडकं, पण मनातलं सगळं पोचवायची. माझ्याकडे ती एप्रनच्या पट्ट्या शिवायला यायची, म्हणून मला ठाऊक होती. त्या दिवशी तिचे डोळे सुजलेले दिसले, तसं मी काम टाकून पलीकडे गेले.

"मावशी, हा फोन बघा," ती आ-च्यूला म्हणाली. "हा खराब आहे का? खराब आहे असं सांगा."

"खराब असला तर सांगीन. तुझ्या सांगण्यावरून नाही सांगणार," आ-च्यू म्हणाली. "झालंय काय?"

मग तिने सांगितलं. आनलेमध्ये प्रत्येक खाटेशी एक बटण असतं. म्हाताऱ्याने बटण दाबलं की त्या मजल्यावरच्या बाईच्या हातातला फोन वाजतो. हे फोन निवासाचेच, सगळे एकाच जातीचे. सोमवारी दुपारी वेंग आजोबा, वय वर्षं सत्त्याऐंशी, न्हाणीघरात जाताना पडले. बटण दाबूनच ते उठले होते. वार्तिनी येते की नाही याची त्यांनी जरा वेळ वाट पाहिली आणि मग स्वतःच निघाले. पडल्यावर चाळीस मिनिटं तसेच जमिनीवर. मनगट मोडलं. वार्तिनी तेव्हा मजल्याच्या दुसऱ्या टोकाला एका आजीबाईंना अंघोळ घालत होती. फोन खिशात होता, पण वाजलाच नाही.

"त्साईबाई म्हणतात, मी फोन बंद केला. म्हणतात, मी माझ्या मुलीशी बोलत बसले होते." त्साईबाई म्हणजे निवासाच्या संचालिका. "सकाळच्या सभेत सगळ्यांसमोर म्हणाल्या. आता मला खाली धुण्याच्या खोलीत टाकलंय. शुक्रवारी एजन्सीला पत्र जाणार. पत्र गेलं की मला घरी पाठवणार."

"आणि हा फोन तुझ्याकडे कसा?"

"कुणी मागितला नाही. मी खिशात ठेवला."

आ-च्यूने फोन हातात घेतला. फोन उत्तम चालत होता. संदेश जात होते, गाणं लागत होतं, बॅटरी भरलेली. वायफायच्या पानावर तिने साठवलेल्या नेटवर्कांची यादी उघडली. यादीत एकच नाव होतं, निवासाचं, आणि समोर लिहिलेलं, 'आवाक्यात नाही'. दुकानात बसून ते आवाक्यात असणार तरी कसं? पण दिवसाला वीस जणांचे वायफाय जुळवणारी बाई ती. असं अडलेलं नेटवर्क दिसलं की ते पुसायचं आणि नव्याने जोडायचं, ही तिच्या बोटांची सवय. बोट गेलं आणि 'विसरा' दाबलं गेलं. यादी रिकामी झाली.

मी बघत होते, म्हणून सांगते. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"वार्तिनी, तुमच्या निवासाचं वायफाय नेहमीच्या यादीत दिसतं का? म्हणजे नुसतं उघडलं की नाव येतं का वर?"

"नाही मावशी. त्याचं नाव येत नाही. लपवलेलं आहे. भेटायला येणारी नातवंडं त्यावर खेळ खेळायची, बटणं अडकायची, म्हणून बसवणाऱ्या माणसाने लपवलं."

"नाव ठाऊक आहे?"

"नाही. कधी लागलंच नाही. फोन आपोआप जोडायचा."

आ-च्यूने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "मी गाढव आहे," ती म्हणाली. "लपलेलं नेटवर्क स्वतःहून नाव सांगत नाही. फोनलाच नाव घेऊन हाक मारावी लागते. फोन हाक मारत होता की नव्हता, हे त्या साठवलेल्या नोंदीत लिहिलेलं असतं. तेच बघायचं होतं. आणि तेच मी पुसलं."

वार्तिनीला अर्धं कळलं असावं. ती म्हणाली, "म्हणजे आता सांगता येणार नाही?"

आ-च्यू एरवी कुणालाही पटकन तोडून टाकते. त्या वेळी तिने नुसता चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग ती मला म्हणाली, "आ-लिएन, स्कूटर काढ."

माझ्याकडे गिऱ्हाइकाचा लग्नाचा झगा अर्धा पडला होता. तरी काढली. वार्तिनी सायकलवर पुढे, आम्ही दोघी मागे. वाटेत आ-च्यू माझ्या कानाशी बडबडत होती. "फोन कधी अपडेट झाला ते तरी फोनात असणार. ते मी पुसलेलं नाही. ते पुसता येत नाही." सिग्नलला तिने तो फोन पुन्हा उघडला आणि बघितलं. सोमवारी पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी फोनात नवं अपडेट बसलं होतं.

त्साईबाई साठीच्या, केस आखूड, आवाज बसलेला. त्या वाईट बाई नाहीत, हे मी आधीच सांगते. वेंग आजोबांचा मुलगा रोज फोन करून वकिलाचं नाव घेत होता आणि त्यांना कुणावर तरी बोट ठेवून मोकळं व्हायचं होतं. आम्हाला बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हुंगबाई, तुम्हाला कुणी बोलावलं?"

"कुणी नाही. हिचा फोन माझ्याकडे आला. हिने तो बंद केला हे तुम्हाला कसं कळलं?"

त्साईबाईंनी टेबलावरच्या स्क्रीनवरची नोंद दाखवली. कुठला फोन कधीपासून जोडलेला नाही, ते तिथे लिहून येतं. वार्तिनीच्या फोनासमोर होतं, सोमवार, पहाटे तीन बारा.

"सोमवारी वार्तिनी कामावर किती वाजता आली?" आ-च्यूने विचारलं.

"सातला."

"आणि पहाटे तीनला हा फोन कुठे होता?"

जवळच नर्स यांग उभी होती, पस्तिशीची, तोंडाने फटकळ. तीच म्हणाली, "इथे, ह्या टेबलावरच्या पेटीत. रात्रभर सगळे फोन चार्जिंगला असतात. रात्रीच्या बायकांचे फोन वेगळे."

"मग पहाटे तीनला जावाहून भूत येऊन बंद करून गेलं का?"

नर्स यांग हसली. त्साईबाई हसल्या नाहीत. "अपडेट सगळ्यांच्याच फोनात येतं. माझ्याही फोनात आलं. माझं घरचं वायफाय चालतं. आणि समजा तुटलं, तर सात वाजता फोन हातात घेतल्यावर हिला दिसायला नको?"

"कसं दिसेल? फोनाला स्वतःचा डेटा होता. संदेश येत होते, जात होते. वरच्या पट्टीत एक छोटं चिन्ह कमी, एवढंच. तुम्ही तुमच्या फोनात ते चिन्ह दिवसातून किती वेळा बघता?"

"हे सगळं तुमचं म्हणणं. दाखवा तो फोन जोडून."

इथेच घोडं अडलं. भिंतीवर बसवणाऱ्या माणसाच्या हातचा कागद चिकटवलेला होता, नाव आणि पासवर्ड लिहिलेला. आ-च्यूने त्यावरून नाव टाकलं, पासवर्ड टाकला, 'लपलेलं नेटवर्क' या ओळीपुढे 'हो' निवडलं. फोनाने थोडा वेळ शोधलं आणि सोडून दिलं. पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टाकताना तिच्या कपाळावर घाम आला होता, आणि खोलीत तर एसी चालू होता.

"बघा," त्साईबाई म्हणाल्या. "आता तर मुळीच जोडत नाही. आधी फोनात काय होतं ते तरी दाखवा."

आ-च्यू खोटं बोलू शकली असती. फोनातून नोंद आपोआप गेली असं म्हणाली असती, तरी त्या खोलीत कुणाला कळलं नसतं. ती म्हणाली, "ते माझ्या हातून पुसलं गेलं. चूक माझी. हिने काही केलेलं नाही."

वार्तिनी दाराशी उभी होती. तिने खाली मान घातली.

"मग विषय संपला," त्साईबाई म्हणाल्या आणि खुर्चीतून उठायला लागल्या.

"यांग, तुझा फोन दे गं," आ-च्यू म्हणाली, जणू तिने काही ऐकलंच नव्हतं.

नर्स यांगने खिशातला निवासाचा फोन दिला; वार्तिनीला खाली टाकल्यापासून तिसऱ्या मजल्याची बटणं याच फोनावर वाजायची. आ-च्यूने यांगच्या देखत त्यातली साठवलेली नोंद उघडून शेवटपर्यंत बघितली आणि मग भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. मग परत फोनकडे. "हे बघा," ती म्हणाली. "कागदावर नावाच्या मध्ये रेघ मारलीये, शब्दांच्या मधोमध. इथे रेघ खाली आहे, अक्षरांच्या पायाशी. तुमच्या माणसाने घाईत वर ओढली. दिसणारं नेटवर्क असतं तर नुसतं बोट लावून जोडलं असतं. लपलेल्याला एक रेघ वर गेलेली चालत नाही. त्याचं नाव चुकीचं घेतलं तर ते ओ देत नाही."

तिने खालच्या रेघेने नाव टाकलं. वार्तिनीचा फोन तत्काळ जोडला गेला. टेबलावरच्या स्क्रीनवर तिच्या फोनासमोर हिरवा ठिपका आला.

त्साईबाई परत बसल्या. "ठीक आहे. जोडता येतो. पण सोमवारी तो आपोआप तुटला, हे कुठे सिद्ध झालं?"

"नाही झालं," आ-च्यूने मान्य केलं. "यांग, तुझ्या फोनात अपडेट आलंय का?"

"तीन आठवडे झाले येतंय. मी 'नंतर' दाबते. कोण वाट बघत बसणार?"

"बाकीच्यांच्या?"

"सगळ्या 'नंतर'च दाबतात. इथे वेळ कुणाला आहे?" मग तिने दाराकडे बघितलं. "वार्तिनी, तू काय दाबलंस?"

"मला सगळं वाचता येत नाही," वार्तिनी म्हणाली. "तीन बटणं होती. सगळ्यात मोठं, चंद्र काढलेलं होतं, ते दाबलं. वाटलं, निवासाचा फोन आहे, तो सांगतो ते करायला पाहिजे."

आ-च्यू म्हणाली, "त्साईबाई, यांगचा फोन आत्ता जोडलेला आहे, हिरवा ठिपका आहे. माझ्याकडे देऊ नका. तुमच्या स्वतःच्या हातात ठेवा. तुम्हीच 'आत्ता' दाबा. मी त्याला बोट लावणार नाही."

"आणि काही झालं नाही तर?"

"तर पत्र पाठवा. मी परत येणार नाही."

त्साईबाईंनी बटण दाबलं.

त्याला पंचवीस मिनिटं लागली. अशी पंचवीस मिनिटं मी कधी काढली नाहीत. त्साईबाईंनी सगळ्यांना चहा सांगितला, कारण लोक समोर बसलेत आणि चहा नाही हे त्यांना जमत नाही. कुणी प्यायलं नाही. नर्स यांग मधेच एका आजीबाईंना औषध देऊन आली. मी आ-च्यूच्या कानात विचारलं, "नाही तुटलं तर?"

"तर मी त्या पोरीचं दुसऱ्यांदा वाटोळं केलं," ती म्हणाली. तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

फोन बंद झाला, चालू झाला, पुन्हा बंद झाला. शेवटी नेहमीचं पान आलं. टेबलावरच्या स्क्रीनवर यांगच्या फोनासमोरचा ठिपका करडा झाला होता. आम्ही तो हिरवा होईल म्हणून वाट पाहिली. पाच मिनिटं गेली. करडाच.

"यांग," त्साईबाई हळू आवाजात म्हणाल्या, "वर जा. वेंग आजोबांच्या खाटेचं बटण दाब."

वेंग आजोबा तेव्हा दवाखान्यात होते, खाट रिकामी होती. यांग वर गेली. टेबलावरच्या स्क्रीनवर खाटेचा आकडा उमटला. त्साईबाईंच्या हातातला फोन गप्प होता. त्यांनी तो कानाशी नेला, जसं घड्याळ चालतंय का ते बघतात तसं. मग त्यांनी फोनाचं मुख्य पान बघितलं. त्याच वेळी यांगच्या मैत्रिणीचा काहीतरी विनोदी संदेश त्यावर येऊन पडला, टिंग करून. म्हणजे फोन जिवंत होता आणि म्हाताऱ्याची हाक मात्र त्याच्यापर्यंत पोचत नव्हती.

"आता नोंद उघडा," आ-च्यू म्हणाली. "साठवलेलं नेटवर्क. खाली जा. अजून खाली. 'लपलेलं नेटवर्क' पुढे काय लिहिलंय?"

त्साईबाईंनी चष्मा वर सरकवला. "नाही."

"अपडेटच्या आधी मी बघितलं तेव्हा तिथे 'हो' होतं. यांगही बघत होती. अपडेटने ते 'नाही' करून टाकलं. आता फोन समजतो की हे नेटवर्क दिसणारं आहे, आपलं नाव सांगेल, मग जोडू. नेटवर्क काही सांगत नाही. दोघं आपापल्या जागी गप्प बसून राहतात. तिथे 'हो' करा."

त्यांनी केलं. दोन सेकंदांत फोन इतक्या जोरात वाजला की माझ्या हातातला चहा सांडला. वर दाबलेली हाक एवढा वेळ वाट बघत थांबली होती.

वार्तिनी रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. ती आत आली, टेबलापाशी, जिथे ती आधी कधी उभी राहिली नसावी.

"मॅडम, पत्र?"

"पत्र जाणार नाही," त्साईबाई म्हणाल्या. "उद्यापासून तू परत तिसऱ्या मजल्यावर. झालं ते झालं. गैरसमज होता."

मी आ-च्यूकडे बघून उठायची खूण केली. काम झालं होतं. पण वार्तिनी तिथून हलली नाही.

"मॅडम, तुम्ही सभेत म्हणालात. सगळ्यांसमोर. इथे नका सांगू. तिथे सांगा."

त्साईबाईंचे कान लाल झाले. नर्स यांग जिन्यावरून खाली येत होती, ती पायरीवरच थांबली. आ-च्यू जमिनीकडे बघत होती, आणि मला माहीत आहे, ती हसू दाबत होती.

"उद्या सकाळी," त्साईबाई शेवटी म्हणाल्या. "सव्वासातला."

सभेला मी नव्हते. नर्स यांगने नंतर माझ्या दुकानात स्कर्टची उंची कमी करायला येऊन सांगितलं. त्साईबाईंनी कागदावर लिहून आणलं होतं आणि तरी दोनदा अडखळल्या. वार्तिनीने फोन बंद केला नव्हता, अपडेटने तुटला होता, आणि मी न तपासता बोलले, असं सरळ म्हणाल्या. मग त्यांनी सगळ्या बायकांचे फोन गोळा केले. बारा निघाले. त्यातल्या आठांवर अजून अपडेट व्हायचं होतं, म्हणजे त्यांचीही पाळी यायचीच होती. आणखी दोन फोन आधीच अपडेट होऊन मुकाट तुटलेले होते; स्क्रीनवर ते करडे दिसत होते, पण कुणी लक्ष दिलं नव्हतं. त्या मजल्यांवर काही घडलं नाही, हे नुसतं नशीब.

वेंग आजोबांच्या मुलाला त्साईबाईंनी स्वतः जाऊन खरं सांगितलं. तो चिडला, पण वकिलाकडे गेला नाही. आजोबा पंधरा दिवसांनी हाताला प्लास्टर घालून परत आले. आल्या आल्या विचारलं म्हणे, "ती काळी पोरगी कुठाय? माझी दाढी कोण करणार?" वार्तिनीने सांगितलं, "आजोबा, मी काळी नाही, तुम्हीच पांढरे झालात." ते आजोबा जन्मभर बर्फाच्या कारखान्यात काम केलेले. त्यांना हे इतकं आवडलं की ते भेटायला येईल त्याला सांगत सुटले.

त्साईबाईंनी आ-च्यूला विचारलं, दर महिन्याला येऊन फोन बघून जाल का? आ-च्यू म्हणाली, मला दुकान आहे. त्याऐवजी तिने दर रविवारी दुपारी वार्तिनीला आपल्या काउंटरमागे बसवायला सुरुवात केली. मला पातळ भिंतीतून सगळं ऐकू यायचं.

"हे काय लिहिलंय? वाच."

"ल... लप..."

"'लपलेलं'. पुढे?"

"नेटवर्क. हे मला येतं."

"आणि हे 'विसरा'चं लाल बटण? दाबायच्या आधी काय करायचं?"

"नाव लिहून घ्यायचं. रेघ वर की खाली, तेही."

"आणि मग?"

"मग परत एकदा बघायचं."

"बरोबर. मी बघितलं नव्हतं," आ-च्यू म्हणायची. दर रविवारी म्हणायची. वार्तिनीला ते ऐकून कंटाळा आला असणार, पण ती कधी तसं बोलली नाही. पोर्क ती खात नाही, म्हणून आ-च्यू तिच्यासाठी मुद्दाम कोळंबीचं सूप आणून ठेवायची आणि थंड झालं की ओरडायची.

वार्तिनी आणखी अडीच वर्षं आनलेत राहिली. आता फोनांची पेटी तिच्याकडे होती. अपडेट आलं की ती आधी एकाच फोनात बसवायची, वर जाऊन एका रिकाम्या खाटेचं बटण दाबायची, आणि वाजला तरच बाकीच्या अकरांना हात लावायची. मागच्या हिवाळ्यात तिची मुलगी शाळेची शेवटची परीक्षा पास झाली आणि ती गावी गेली. जाताना तिने ते काम व्हिएतनामहून आलेल्या एका नव्या बाईला शिकवलं. कागदावर चित्रं काढून, कारण त्या बाईलाही अजून वाचता येत नाही.